बागेचा एक कोपरा अर्धवट सोडा

बेंगळुरूत घराच्या जागेचं माप कुणी चौरस फुटांत सांगत नाही. ‘थर्टी-फॉर्टी’ म्हटलं की समोरच्याला साईट केवढी ते कळतं. तेवढ्यात घर, पोर्टिको, गाडी, पाण्याचा संप आणि कंपाउंड बसवून झाल्यावर उरते ती घराभोवतीची चिंचोळी पट्टी आणि वरची गच्ची. या उरलेल्या जागेत मुलांसाठी बाग करायचं ठरलं की बहुतेक घरांत एकाच यादीतलं सामान येतं: प्लास्टिकची घसरगुंडी, कृत्रिम गवताची गुंडाळी, लोखंडी पाळणा, रंगीत कुंड्या. शनिवारी आणलं, रविवारी बसवलं, काम संपलं. महिन्याभरात मुलं त्या घसरगुंडीकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि शेजारच्या बांधकामापुढे पडलेल्या वाळूच्या आणि जल्लीच्या, म्हणजे खडीच्या, ढिगावर जाऊन बसतात.

यात मुलांचं काही चुकत नाही. घसरगुंडीवर करण्यासारखी गोष्ट एकच, ढिगावर शंभर. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थेओडोर सोरेनसेन यांना हे फार पूर्वी दिसलं होतं. नीटस आखलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात हे पाहून १९४३ साली कोपनहेगनच्या एमड्रप भागात मुद्दाम फळकुटं, विटा आणि मोडकं सामान टाकलेलं क्रीडांगण उभं राहिलं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या इंग्रज कलावंताने ‘सुट्या भागां’चा विचार मांडला: जिथे हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जास्त, तिथे मुलांच्या डोक्याला चालना जास्त. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला हे करून दाखवलंच होतं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती; त्यांनी खडे, बिया, शंख-शिंपले आणि पानं घेऊन बालवाडी चालवली. मुलांचं काही अडलं नाही.

तेव्हा मुलांची बाग पूर्ण करायला जाऊ नका. सावली, पाणी आणि सुरक्षितता यांचा बंदोबस्त मोठ्यांनी करावा. त्यापुढे बागेत जे काही घडायचं ते घडवायला मुलांना वाव उरला पाहिजे, आणि दर पंधरा दिवसांनी काहीतरी नवं दिसलं पाहिजे. बेंगळुरूच्या हवेत ही दुसरी गोष्ट महाराष्ट्रापेक्षा सोपी आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी ऊन, संप आणि खिडकी

कुदळ उचलण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. ऊन कुठे, केव्हा येतं ते पाहा. बेंगळुरू साधारण १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्यावरून थोडा उत्तरेला कललेला असतो. म्हणून एरवी सावलीत राहणाऱ्या उत्तरेच्या पट्टीला या महिन्यांत ऊन मिळतं. डिसेंबरात उलटं. ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, आणि त्या बाजूच्या शेजाऱ्याने तीन मजले चढवले असतील तर तुमच्या दक्षिणेच्या पट्टीपर्यंत ते पोचतच नाही. चारही बाजूंना पक्के वाफे बांधण्यापेक्षा निम्मी लागवड हलवता येईल अशा पिशव्यांत आणि बादल्यांत करावी, हे यासाठीच.

मुलं दिवसभर घरी असतात ती एप्रिल-मेच्या सुट्टीत, आणि शहर सगळ्यात तापतं तेही तेव्हाच. खेळायची मुख्य जागा शक्य असेल तर पूर्वेला ठेवा. दुपारनंतर तिथे घराचीच सावली पडते, शेडनेटचा खर्च वाचतो.

मग संप. बेंगळुरूतल्या जवळजवळ प्रत्येक स्वतंत्र घराला जमिनीखालची पाण्याची टाकी असते आणि तिचं झाकण नेमकं मुलांच्या वाटेत असतं. संपात पडून मूल दगावल्याच्या बातम्या या शहरात अधूनमधून येतातच. झाकण लोखंडी, बिजागरीचं आणि कुलपाचं हवं. नुसती जड फरशी ठेवली आहे म्हणजे झालं, असं समजू नका. टँकरवाला ती सरकवतो आणि तशीच टाकून जातो. हे कुलूप लागेपर्यंत बागेची बाकी सगळी कामं थांबवली तरी चालतील.

तिसरी गोष्ट खिडकी. घरातलं मोठं माणूस जिथे जास्त वेळ असतं, बहुधा स्वयंपाकघरात किंवा लॅपटॉपपुढे, तिथून खेळाची जागा दिसायला हवी. पण मुलाला मात्र आपण लपलोय असं वाटलं पाहिजे. यासाठी आडोसे मुलाच्या उंचीचे करा, तुमच्या नव्हे. अडीच-तीन फुटांची गवती चहाची रांग पुरते. गवती चहाच्या पात्यांनी कातडीला बारीक चरे पडतात, म्हणून ती वाटेच्या अगदी कडेला नको.

घराभोवतीची पट्टी चारही बाजूंनी जोडलेली असेल तर ती अडवू नका. वॉशिंग मशीन, सिलिंडर, जुनं कपाट यांनी बहुतेक घरांत हा फेरा बंद पडलेला असतो. तो मोकळा केला की तीनचाकी सायकलला गोल फिरायचा रस्ता मिळतो. मुलांना जाऊन परत येण्यापेक्षा गोल गोल फिरायला फार आवडतं. वाटेसाठी इथली चप्पडी, म्हणजे फोडीव ग्रॅनाइटची जाड फरशी, वापरा. कुंपणापासून बाकापर्यंत सगळीकडे बेंगळुरूकर ती वापरत आले आहेत आणि मुलांच्या धुडगुसाला ती पुरून उरते. चकचकीत टाइल मात्र पहिल्याच सरीत घसरते.

माती: भातुकली आणि किल्ला

आता तो अर्धवट सोडायचा कोपरा. सहा बाय चार फूट पुरे. तिथे काहीही लावायचं नाही, ही त्यातली सगळ्यात अवघड अट आहे, कारण मोकळी माती दिसली की घरातल्या मोठ्यांचे हात शिवशिवतात आणि कुणीतरी गुपचूप जास्वंद खोचून जातं.

साईटवरची वरची फूटभर माती सहसा माती नसतेच. बांधकामातली जल्ली, सिमेंटचे गोळे, खिळे आणि काचा तिच्यात पुरलेल्या असतात. ती पूर्ण उपसून चाळा. काचेचा एकही तुकडा राहता कामा नये. मग बेंगळुरूची लाल माती भरा. ओली असताना ती छान वळते आणि वाळल्यावर घट्ट बसते. किल्ल्याला याहून चांगलं सामान पुण्यात पैसे देऊन मिळत नाही. कडेने साइज स्टोन, म्हणजे घडीव दगड, मांडा, जमिनीला एका बाजूला हलका उतार द्या आणि रात्री झाकायला ताडपत्री ठेवा. न झाकलेल्या मऊ मातीचा मांजरांना लवकर पत्ता लागतो. मातीशेजारी वाळूही हवी असेल तर बांधकामावरची एम-सँड आणू नका. ती दगड दळून केलेली असते, तिचे कण धारदार असतात आणि तिची भुकटी उडते. धुतलेली नदीची वाळू मिळाली तर ठीक, नाहीतर नुसत्या मातीवर भागवा.

कोपऱ्याला लागून गुडघाभर उंचीवर एक चप्पडी बसवली की भातुकलीचा ओटा तयार. प्लास्टिकचा स्वयंपाकघराचा संच घेऊ नका. घरातली पोचे आलेली पातेली, कालथा, फुटका चमचा, जुना पोळपाट द्या. मातीची बोळकी हवी असतील तर फ्रेझर टाउनजवळच्या पॉटरी टाउनमध्ये जा आणि मुलांना बरोबर न्या. चाक फिरताना पाहून आलेलं मूल घरच्या मातीकडे वेगळ्या नजरेने बघतं. ओट्यापाशी सुट्या वस्तूंची एक पेटी असू द्या. करवंट्या, बांबूचे तुकडे, गुळगुळीत गोटे, सागरगोटे, जुनी साडी, दोऱ्या. दोरी मुलाच्या हाताच्या लांबीपेक्षा मोठी नको. टायर द्यायचं झालं तर त्याला खालून भोकं पाडा, नाहीतर त्यात पाणी साचून डास होतील.

या कोपऱ्याचं खरं चीज दिवाळीत होतं. महाराष्ट्रात किल्ला करायची वेळ येते तोवर पाऊस ओसरलेला असतो. बेंगळुरूत सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे वर्षातले सगळ्यात ओले महिने, आणि नोव्हेंबरातही ईशान्य मोसमी पावसाच्या सरी येतात. इथल्या किल्ल्याला म्हणूनच छत लागतं. कोपरा बाल्कनीच्या खाली घेता आला तर उत्तम. नाहीतर चार बांबू कायमचे रोवून ठेवा आणि त्यावर ऐनवेळी प्लास्टिक ताणा. आत विटांचे तुकडे आणि दगड, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट, त्यावर लाल माती. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी दिवाळीच्या सहा-सात दिवस आधी टाका. शेजारी थोडी नाचणीही टाकून पाहा, हे गाव तिचंच आहे.

किल्ला कोणता करायचा हे मुलांना ठरवू द्या. राजगड-प्रतापगड आहेतच, पण ज्या शहरात आपण राहतो तेही १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि त्याच्याही आधी, १५३७ मध्ये, केंपेगौडाने इथे मातीचाच कोट बांधला होता. तो हैदरअलीने पुढे दगडी केला. के. आर. मार्केटजवळ त्याचा उरलेला तुकडा आजही उभा आहे. मुलांना तो दाखवून आणा आणि मग त्यांना जे करायचं ते करू द्या. दिवाळी संपल्यावर किल्ला पाडू नका. पावसाने तो आपोआप झिजतो, आणि झिजलेल्या किल्ल्यावर गाड्यांचा घाट फार छान होतो.

पाण्याचा खेळ, पण कुठल्या पाण्याचा?

मार्च २०२४ मध्ये शहराला पाण्याची टंचाई इतकी भासली की पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर बंदी आणली आणि मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. फवारे आणि पाण्याची खेळणी विकत घेण्याआधी ही गोष्ट आठवा. मुलांना पाणी हवंच. ते पावसाचं असू द्या.

२००९ च्या कायदेदुरुस्तीनंतर थर्टी-फॉर्टीवर नवं घर बांधताना पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं बंधनकारक झालं. त्यामुळे बहुतेक घरांत गच्चीवरून उतरणारा पाइप आणि शोषखड्डा असतो. त्या दोघांना जमिनीखालून जोडण्याऐवजी काही फूट अंतर वरून, उघड्या उथळ पन्हळीतून न्या. चार बोटं खोल, वीतभर रुंद, एखाद-दोन वळणं. ७० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटरची सर आली तर जवळजवळ ७०० लिटर पाणी या ओहोळातून जातं. कागदी होड्या, विटांचे बांध, मातीची धरणं यांत अख्खी संध्याकाळ जाते. फक्त पहिल्या पावसाचं पाणी मुलांच्या हातात नको, कबुतरांनी गच्चीवर वर्षभर जे केलेलं असतं ते सगळं त्यात येतं. उपयोगाला मे महिन्यातल्या दोन-तीन जोरदार सरी पडून गेल्यावर सुरुवात करा. विजा चमकत असतील तर सगळ्यांनी घरात.

साचलेलं पाणी ही डेंग्यूची वाट. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून पक्ष्यांचं भांडं, कुंड्यांखालच्या थाळ्या, बादल्या आठवड्यातून एकदा पालथ्या घालायच्याच. हे काम मुलांना द्या. अळ्या शोधण्यात त्यांना विलक्षण रस असतो. कमळाचा टब ठेवलात तर त्यात गप्पी मासे सोडा आणि पाण्याच्या पातळीला लोखंडी जाळी बसवा. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर टबच नको. वीतभर पाणीही त्याला जास्त असतं.

नुसती उभी न राहणारी झाडं

लालबागेच्या इतिहासात गुस्ताव क्रुंबिगेल हे नाव मोठं आहे. हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये भारतात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून, बडोद्याच्या बागांसाठी. १९०८ मध्ये म्हैसूर दरबाराने त्यांना इकडे आणलं. बेंगळुरूच्या रस्त्यांवर एका जातीचा बहर संपतो तोवर दुसरीचा सुरू झालेला असतो, फेब्रुवारी-मार्चात टॅबेबुया, मग जकरंदा, मग गुलमोहर. ही एकामागून एक फुलणाऱ्या झाडांची योजना त्यांच्या नावावर आहे. मुलांच्या बागेला हाच नियम लावा. सगळं एकदम पेरू नका. प्रत्येक महिन्यात बघण्यासारखी, तोडण्यासारखी किंवा खाण्यासारखी एक तरी गोष्ट यावी असं वर्ष आखा. इथला हिवाळा सौम्य आणि पावसाचे महिने लांब, त्यामुळे ते जमतं.

पाचाच्या आतल्या मुलाला आठवड्यात काही दिसलं नाही तर ते बी विसरून जातं. त्याला मेथी, मोहरी, अळीव द्या. तीन-चार दिवसांत कोंब. मुळा महिन्या-सव्वामहिन्यात उपटता येतो, आणि उपटणं हाच त्यातला आनंद.

थोड्या मोठ्यांसाठी माझी पहिली पसंती भुईमुगाला. फूटभर खोल आणि तेवढ्याच रुंद पिशवीत भुसभुशीत माती भरा, न भाजलेले दाणे जूनअखेर किंवा जुलैत दोन-तीन पेरा. महिन्याभरात पिवळी फुलं येतात. मग फुलाच्या बुडातून एक दांडा निघतो, खाली वाकतो आणि मातीत शिरतो. शेंग तिथे धरते. ही गोष्ट पुस्तकात सांगून पटत नाही. रोज गुडघे टेकून बघणारं मूल ती स्वतः पकडतं. साडेतीन-चार महिन्यांनी झाड उपटायचं. हिशोब जमला तर ताज्या शेंगा बसवनगुडीच्या कडलेकाई परिषेच्या आसपास हाताला लागतात. बुल टेंपलपाशी भरणारी ही शेंगांची जत्रा कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी असते. घरच्या मूठभर शेंगा आणि जत्रेतले डोंगर एकाच हंगामात पाहायला मिळणं हे या शहरातच शक्य आहे.

दुसरी पसंती पावट्याच्या तंबूला. सहा-सात फुटी बांबू गोलात रोवा, वर एकत्र बांधा, एका बाजूला दार सोडा. प्रत्येक बांबूच्या बुडाशी ऑगस्टमध्ये पावटा पेरा. बियाणं मागताना अवरेकाई म्हणा. वेल वर चढतात, आत हिरवा काळोख होतो, आणि दिवस लहान झाले की फुलं येऊन डिसेंबर-जानेवारीत शेंगा लागतात. त्याच सुमारास शहरात अवरेकाईचा मेळा असतो. वेलावर मावा हमखास येतो. औषध मारायची घाई करू नका. माव्यामागे मुंग्या येतात, मग ठिपकेदार ढालकिडे, आणि तंबूत बसून हे युद्ध जवळून बघता येतं. फारच वाढला तर पाण्याच्या धारेने धुऊन टाका. पावटा कच्चा खायचा नाही एवढं मात्र मुलांना बजावा, तो शिजवूनच खातात. फेब्रुवारीत वेल काढून त्याच बांबूंवर दोडका किंवा चवळी सोडली की उन्हाळ्याच्या सुट्टीतही तंबू हिरवा राहतो.

लिंबू किंवा कढीपत्ता एवढ्यासाठी लावा की त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर ती लाइम किंवा मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि गवताच्या काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंग बाहेर काढते, त्याला चमत्कारिक वास येतो. मुलं किंचाळतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना. अळ्या झाड बोडकं करतील म्हणून जीव वरखाली होत असेल तर दोन झाडं लावा, एक तुमचं, एक अळ्यांचं. फोडणीला तुमच्यातलं मिळेल. पानफुटी एका कुंडीत असली तर रेड पिएरो येतं, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. मुलांना गोडी लागली की बन्नेरघट्ट्याच्या फुलपाखरू उद्यानात न्या.

तेरडा मराठी घराला सांगायला नको. गौरींना तो लागतोच, आणि पिकलेलं बोंड बोटाने दाबलं की टपकन फुटून बिया उडतात. लाजाळू नर्सरीत ‘मुट्टिदरे मुनि’ म्हणून मागा. काटे असतात आणि जमिनीत पसरते, म्हणून कुंडीत.

फळात तुती. पावसाळ्यात पेन्सिलएवढी काडी खोचली तरी लागते, छाटून हव्या त्या उंचीवर ठेवता येते आणि वर्ष-दीड वर्षात मुलांचे शर्ट जांभळे करते. इथल्या मुलांना सिल्क बोर्ड म्हणजे फक्त ट्रॅफिक जॅम हेच ठाऊक असतं. रेशीम या पानांवर जगणाऱ्या किड्याचं असतं हे कळायला घरी तुती बरी. सिंगापूर चेरी, इथली गसगसे हण्णु, फार लवकर मोठी होते आणि सावली देते, पण पंचवीस फुटांपर्यंत जाते. रात्री तिच्यावर वटवाघळं येतात, तेव्हा खाली पडलेली, चावलेली फळं मुलांनी उचलायची नाहीत. पाळणा बांधायचा तर शेवग्याच्या फांदीला कधीच नाही. शेवगा बघता बघता मोडतो. त्यापेक्षा बाल्कनीच्या बीममध्ये पक्का हूक बसवून घ्या.

बियाणं हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत चांगलं मिळतं, त्यांच्या ‘अर्का’ नावाच्या जाती याच हवेत तयार झालेल्या आहेत. रोपांसाठी लालबागेतली नर्सरी सोसायटी आहेच.

जे लावायचं नाही

मुलं लहान असतील तर कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, अंगणात नको. बिट्टीच्या बिया खेळायला मोहक आणि जिवावर बेतणाऱ्या. धोतरा, एरंड, गुंज तशीच. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा करतो. डिफेनबाकियाची पानं चावली तर तोंड सुजतं. बेंगळुरूच्या कुंपणांवर सर्रास दिसणाऱ्या ड्युरांटाची पिवळी फळंही विषारी आहेत आणि ती नेमकी मुलांच्या उंचीवर लोंबतात. तयार घर घेतलं असेल तर कुंपण आधी तपासा. घराचा साधा नियम एकच: मोठ्याला दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. ज्या बागेत मुलांनी तोडून खावं अशी आपली इच्छा आहे तिथे रासायनिक फवारे मारायचेच नाहीत, थोडेसुद्धा नाहीत.

विटांचे आणि लाकडांचे ढीग भिंतीला टेकून महिनोन्‌महिने ठेवू नका. सर्जापूर किंवा कनकपुरा रस्त्याकडच्या नव्या वसाहतींत उंदीर आणि त्यांच्यामागून साप तिथेच येतात.

गच्ची आणि बाल्कनी

अंगण नाही म्हणून अडत नाही, बेंगळुरूत डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी सेंद्रिय गच्चीबागेची चळवळ रुजवली त्याला बराच काळ लोटला, आणि त्यातून तयार झालेले अनुभवी लोक शहरभर आहेत. पण मुलांच्या बाबतीत गच्चीचे दोन धोके वेगळे आहेत.

पहिला वजनाचा. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. म्हणजे फूटभर जाडीचा थर चौरस मीटरला साधारण ५०० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार मात्र चौरस मीटरला जेमतेम १५० किलो. म्हणून गच्चीवर मातीचा मोठा हौद बांधायचा नाही. कोकोपीट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, सुट्या पिशव्या, त्याही बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेवर. खेळायची माती एका मोठ्या घमेल्यात भागते.

दुसरा कठड्याचा. कुंडी, खोका, बाक, पाण्याची टाकी, यातलं काहीही कठड्याला लागून नको. मुलाला ती पायरीच वाटते. कठड्यापासून चार फूट मोकळे ठेवा आणि सगळी बाग मध्ये घ्या. दुपारी गच्ची तापते; कृत्रिम गवत तर अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकं. एका कोपऱ्यावर शेडनेट आणि त्याखाली चटई, एवढं पुरतं.

बाल्कनीत एका बादलीत नाचणी, एका पिशवीत भुईमूग, एक कढीपत्ता. कणसं भरली की मुनिया येतात, त्यांना खाऊ द्या. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर असोसिएशनच्या सभेत शोभेच्या झुडपांऐवजी सहा बाय चारचा मातीचा तुकडा मागून पाहा. लॉनवर पाय ठेवू नका ही पाटी काढायलाही सांगा. पहिल्या सभेत नकार येईल. दुसऱ्या सभेला मुलांना बरोबर न्या.

हत्यारं मुलांच्या मापाची, पण खरी घ्या: छोटं लोखंडी खुरपं, दोन लिटरची झारी. प्लास्टिकचं खुरपं बेंगळुरूच्या सुकलेल्या मातीत पहिल्याच दिवशी वाकतं. पाणी घालायचं राहिलं आणि रोप वाळलं तर मुलाच्या नकळत दुसरं आणून लावू नका. वाळलेलं रोप त्यालाच उपटू द्या, मुळं पाहू द्या, आणि नवं काय पेरायचं ते विचारा.

अकरा-बारा वर्षांची झाली की मुलं मातीत बसेनाशी होतात. तोवर तो कोपरा इतक्या वेळा खणला गेलेला असतो, इतकी पानं आणि करवंट्या त्यात कुजलेल्या असतात, की साईटवरची सगळ्यात मोकळी माती तीच. टाइल टाकायच्या भरीला पडू नका. जागा ऐसपैस असेल तर तिथे देवनहळ्ळीच्या चकोत्याचं, म्हणजे आपल्या पपनसाचं, झाड लावा. भिंतीपासून आठ फूट तरी लांब. थर्टी-फॉर्टीत एवढं अंतर निघत नाही, तिथे कलमी पेरू बरा. दोन्हींचं रोप बियांपासून केलेलं घेऊ नका, कलमच मागा, म्हणजे दहावीच्या आत फळ धरेल.